सरसनिरस वाटप

सामाईक मिळकतीची हिस्सेदारांत कोर्टामार्फत होणारी वाटणी. सरस म्हणजे चांगली जमीन, निरस म्हणजे हलकी. दोन्ही प्रत्येकाच्या पदरात मापाने पडावी, असा या शब्दाचा अर्थ आहे. वाटपाच्या दाव्यातले सगळ्यात अवघड कामही हेच.

कोल्हापूर जिल्ह्यात ते डोळ्यांनी दिसते. पंचगंगाकाठच्या जमिनीच्या एखाद्या गटाचे वरचे टोक रस्त्याला, माळावर. खालचे नदीकडे, मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत. मळीत ऊस जोमाने येतो, पण पुरात आधी तीच बुडते. असे रान आडवे तोडले तर एकाला रस्ता मिळतो, दुसऱ्याला नदी, आणि खालचा जन्मभर वाटेसाठी भांडतो. म्हणून उभे पट्टे पाडतात: थोडा माळ, थोडी मळी, प्रत्येकाला रस्ता. पट्टे अरुंद होतात, ट्रॅक्टर वळवायला जागा पुरत नाही, तरी न्याय यातच आहे.

दाव्यात वंशावळ आणि सगळ्या मिळकती द्याव्या लागतात. एखादा हिस्सेदार वगळला तर दावा तिथेच अडतो. कोर्ट आधी कुणाचा किती हिस्सा ते ठरवते. हा प्राथमिक हुकूमनामा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र गृहीत धरले जाते. तिने सही केली नाही म्हणून माहेर तुटते, हे गावोगावी घडते आणि ते चूक आहे.

प्राथमिक हुकूमनाम्याने जमीन वाटली जात नाही. अनेक घरांत तो कागद ट्रंकेत पडून राहतो आणि वहिवाट जुनीच चालते. सारा, म्हणजे सरकारी जमीन महसूल, आकारलेल्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली कलेक्टरकडे जाते. मोजणी होऊन वाटपतक्ता तयार होतो. घर-जागेसाठी कोर्ट कमिशनर नेमते, हरकती ऐकते, मग अंतिम हुकूमनामा करते. पक्षकाराने वेगळा अर्ज करेपर्यंत थांबू नये, कोर्टाने स्वतःहून पुढे जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले आहे. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते.

पेठेतला जुना वाडा मात्र पट्ट्यांत बसत नाही. जिना एक, चौक एक. चार भावांत तो तोडणार कसा? अशा वेळी 1893 चा वाटणी कायदा कामी येतो. निम्मे किंवा अधिक हिस्से असणाऱ्यांनी मागणी केली आणि विक्रीच सगळ्यांच्या हिताची दिसली, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. पण दुसरा हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीत मागणाऱ्यांचे हिस्से घेऊ शकतो. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्याने हिस्सा विकत घेऊन वाटप मागितले, तर घरच्यांना तो हिस्सा मोल देऊन घेता येतो.

विहिरीचेही तसेच. ती तोडता येत नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्या वाटतात: कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार. शेवटी मोजणीचे दगड रोवून ताबा दिला जातो, फेरफार होऊन सातबारे वेगळे होतात. त्या वेळी विहिरीतला हिस्सा आणि जाण्यायेण्याची वाट इतर हक्कांच्या रकान्यात चढली की नाही, हे तलाठ्याकडून उतारा हातात घेऊन तिथेच वाचून पाहावे.