सी-२९५ आणि एटीआर ७२ : वजन जवळपास तेच, ओझं वेगळं

बडोद्यात हरणीच्या आकाशात पंख्यांचं एक करडं विमान आता नेहमी दिसतं. ते हवाई दलाचं सी-२९५, जवान आणि माल वाहून नेणारं. जुन्या ॲव्ह्रो विमानांच्या जागी भारताने २०२१ मध्ये अशी ५६ विमानं मागवली. त्यातली १६ स्पेनमधल्या सेव्हियाहून तयार यायची आणि ४० इथे बडोद्यात, टाटांच्या कारखान्यात बनायची, असं ठरलं. २८ ऑक्टोबर २०२४ ला त्या कारखान्याचं उद्घाटन झालं.

या विमानाकडे बोट दाखवून 'ते बघ एटीआर', म्हणजे एटीआर ७२ हे प्रवासी विमान, म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि तसं वाटणं साहजिकच आहे. दोन्हींचे पंख धडाच्या वरच्या बाजूला, दोन्हींना पंखा फिरवणारी दोन टर्बोप्रॉप इंजिनं, तीही पीडब्ल्यू १२७ नावाच्या एकाच घराण्यातली, आणि प्रत्येक पंख्याला सहा पाती. ओळखायचं असेल तर शेपटी बघावी. एटीआरचा आडवा शेपटीपंख उभ्या शेपटीच्या अगदी टोकावर बसवलेला असतो. सी-२९५ चा खाली, धडालाच जोडलेला असतो, आणि शेपटीखाली मागचा रॅम्प, म्हणजे चढ-उताराचं झुकतं दार, उघडतो.

वजनातही दोघं असेच फसवतात. पूर्ण भरून उडताना सी-२९५ चं कमाल वजन २३.२ टन, एटीआर ७२-६०० चं २३ टन. फरक अवघा २०० किलोंचा. आपल्या महामार्ग ४८ वरून जाणारा दहाचाकी ट्रक मालासकट २८ टनांपर्यंत भरतो, म्हणजे ही दोन्ही भरलेली विमानं त्याच्यापेक्षा हलकीच. मला हे फार विलक्षण वाटतं.

पण उडतानाचं वजन म्हणजे वाहून नेलेलं ओझं नव्हे. बातम्यांत 'नऊ टनांचं विमान' असं वाचायला मिळतं, तिथे हाच घोळ झालेला असतो. सी-२९५ जास्तीत जास्त नऊ टनांच्या आसपास ओझं नेतं, एटीआर साधारण साडेसात. आता वजाबाकी करू. २३.२ मधून ९ गेले, उरले १४.२. २३ मधून ७.५ गेले, उरले १५.५. या उरलेल्यात विमानाचं स्वतःचं वजन आणि इंधन दोन्ही आलं. एटीआरला गादीच्या खुर्च्या, सामानाचे कप्पे, शौचालय, चहापाण्याची जागा हे सगळं वागवावं लागतं, शिवाय ते लांबीलाही जवळजवळ पावणेतीन मीटर जास्त आहे. सी-२९५ मध्ये भिंतीला दुमडणारी कापडी आसनं असतात, बाकी मोकळी जमीन.

माणसं मोजून तर हमखास चुकतं. एटीआरमध्ये ७८ प्रवासी बसतात, सी-२९५ मध्ये ७१ जवान. प्रवासी बॅगेसकट ९० किलोंचा धरा: ७८ × ९० = ७,०२० किलो. जवान हत्यार, दारूगोळा, पाठीवरच्या बोज्यासकट १२० किलोंचा धरा: ७१ × १२० = ८,५२० किलो. सात माणसं कमी, वजन दीड टन जास्त, तरी नऊ टनांच्या आत.

राहिलं इंधन. ते लिटरमध्ये भरतात, पण विमानाला भार किलोंचा होतो. एक लिटर म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम. सी-२९५ च्या टाक्यांत ७,७०० लिटर मावतं, म्हणजे ६,१६० किलो. एटीआरमध्ये ५,००० किलो. आता एटीआरचा हिशेब पुरा करू: रिकामं, उडायला तयार विमान साधारण साडेतेरा टन, त्यात प्रवासी ७,०२० किलो, झाले २०,५२०. २३,००० ला उरले २,४८०. म्हणजे सगळ्या जागा भरल्या तर टाकी जेमतेम अर्धी भरता येते. टाकी पूर्ण भरायची असेल तर साडेचार टनच उरतात, ९० किलोंच्या हिशेबाने ५० प्रवासी. सी-२९५ ही यातून सुटत नाही: लांब जायचं तर टाक्या भरायच्या आणि नऊ टनांतून तेवढं ओझं खाली ठेवायचं.