कोड वेगवान झाला, फाइल का बदलली?

एन्कोडरचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड वेगवान केला आणि आउटपुट बदललं, तर ती चूक धरायची का? व्हिडिओच्या मानकांकडे याचं उत्तर नाही. एमपेग-२ असो की एच.२६४, नियम आहेत ते डिकोडरला, म्हणजे ती फाइल उलगडून चित्र दाखवणाऱ्याला. एन्कोडरने काय निवडावं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

पूर्वी तर डिकोडरलाही सूट होती. एमपेग-२, एच.२६३ मधला उलट डीसीटी (दाबलेल्या आकड्यांतून पुन्हा पिक्सेल काढणारं गणित) अपूर्णांकांत मांडलेला, आणि आयईईई ११८० (१९९०) या मानकाने फक्त किती फरक चालेल तेवढं ठरवलं. पुढची फ्रेम मागचीवरून बनते, त्यामुळे हा फरक साचत जायचा. म्हणून एच.२६३ मध्ये प्रत्येक मॅक्रोब्लॉक (फ्रेमचा छोटा चौकोनी तुकडा) ठरावीक काळाने, १३२ वेळांच्या आत, मागच्या फ्रेमचा आधार न घेता पाठवायची सक्ती आली. मलमपट्टीच ती. २००३ मध्ये एच.२६४ ने डीसीटीच्या जागी पूर्णांकी ट्रान्सफॉर्म आणला आणि डिकोडरपुरता वाद मिटला.

एन्कोडरची डोकेदुखी वेगळ्या वाटेने आली. कोड वेगवान करायला प्रोसेसरच्या खास सूचना वापरतात, एका झटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या. त्यांतल्या १९९७ च्या एमएमएक्सने रजिस्टर वापरले ते जुन्या फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी आकडेमोडीच्या) युनिटचेच. काम झाल्यावर ते मोकळे करणारी 'ईएमएमएस' सूचना द्यायला विसरलात, की बिघडायचं भलतंच काहीतरी, बहुधा दूरवरचं रेट कंट्रोल (कुठल्या फ्रेमला किती बिट द्यायचे ते ठरवणारा भाग). पुढे १९९९ मध्ये पेंटियम ३ बरोबर सरासरी काढणारी 'पीएव्हीजीबी' ही सूचना आली. ती नेहमी वर पूर्णांकित करते: ४ आणि ५ ची सरासरी ५. एमपेग-४ मध्ये मात्र काही फ्रेमना ४ च हवे असतात. पिक्सेलच्या आकड्यात हा एकचाच फरक. पण त्याने एखाद्या मोशन व्हेक्टरची (तुकडा मागच्या फ्रेममधून कुठून घ्यायचा ते सांगणाऱ्या आकड्यांची) किंमत बदलली की निवड बदलते, आणि तिथून पुढची अख्खी फाइल.

म्हणूनच फरकाचा शोध फाइलच्या शेवटाकडून घेण्यात अर्थ नाही. पहिली वेगळी फ्रेम, तिच्यातला पहिला वेगळा मॅक्रोब्लॉक, मग फंक्शन, असंच जावं लागतं. एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडरमधलं 'चेकएएसएम' हे चाचणी-साधन उलट टोकाकडून येतं: एकाच फंक्शनच्या साध्या सी आणि वेगवान असेम्ब्ली, दोन्ही रूपांना तोच यादृच्छिक डेटा देऊन निकाल ताडून बघतं. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात शहाणी सवय हीच.

फ्लोटिंग पॉइंट मात्र अजून छळतो. एक्स८७ मध्ये, म्हणजे त्याच जुन्या फ्लोटिंग-पॉइंट युनिटमध्ये, आकडा रजिस्टरमध्ये ८० बिटांचा आणि मेमरीत गेला की ६४ चा, त्यामुळे तपासायला एक प्रिंट घातली तरी उत्तर बदलायचं. जीसीसी या कंपायलरचा ३२३ क्रमांकाचा बग याच तक्रारींनी भरलेला आहे. नंतरच्या एसएसई२ सूचनांनी ते बरंचसं थांबवलं. आता एफएमए ही सूचना गुणाकार-बेरीज एकाच पूर्णांकनात करते, आणि एआरएम६४ प्रोसेसरवर जीसीसी ऑप्टिमायझेशन करताना ती न सांगता वापरतो. तेव्हा दोन मशिनांचं आउटपुट ताडण्याआधी ही सोय बंद करून बिल्ड करावी.