टेन्शन आलं, की घेतलं?

१०२२ मधून १३ वजा करायचे, उत्तरातून पुन्हा १३, असं मोठ्यानं म्हणत खाली यायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकाच्या तासाला मी हे केलं, तेव्हा समोर तीन परीक्षक बसले होते. तिघंही माझ्याच वर्गातले, रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाणारे. मॅडमनी त्यांना एकच सूचना दिली होती, चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. माझ्या दोन बोटांना इलेक्ट्रोड लावले होते. घाम आला की त्वचेतून वीज सहज वाहते, तेवढंच ते यंत्र मोजत होतं. १००९, ९९६, ९८३, ९७०... पुढे मी अडखळले. "चूक. १०२२ पासून," माझी जवळची मैत्रीण सपाट आवाजात म्हणाली. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली आणि माझी जीभ टाळूला चिकटली. हा नुसता प्रयोग आहे, याला गुण नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. शरीराला मात्र ते पटत नव्हतं.

मूळ प्रयोग जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातला, १९९३ सालचा. त्यात आधी परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण करायचं आणि मग पाच मिनिटं ही वजाबाकी. एवढ्यावर माणसाच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन ते चार पट वाढलेलं दिसलं. पुढे २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला. काम नुसतं अवघड असणं हे कॉर्टिसॉल उसळायचं मोठं कारण ठरलं नाही. सर्वांत जास्त ते उसळलं जिथे दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या तिथे: निकाल आपल्या हातात नाही, आणि चार लोक आपल्याला जोखताहेत. हे वाचल्यावर मला दहावीच्या निकालाचा दिवस आठवला, आणि लग्न ठरवताना बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन आलेली माझी मामेबहीणसुद्धा.

तेव्हापासून मी आपल्या भाषेतल्या टेन्शनकडे नीट लक्ष देऊ लागले. आपण म्हणतो, टेन्शन आलं. आपण म्हणतो, टेन्शन घेऊ नकोस. शब्द एकच, पण येणं आणि घेणं यांत मोठा फरक आहे. आलं म्हटलं की बाहेरून काहीतरी येऊन आदळलं. घेतलं म्हटलं की दोष घेणाऱ्याचा. ताणावरचं शंभरेक वर्षांचं संशोधन या दोन क्रियापदांभोवतीच फिरत आलं आहे, असं मला वाटतं.

पहिलं क्रियापद, येणं, हान्स सेली या संशोधकाचं. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात ते उंदरांना बीजकोशाचा अर्क टोचत होते, नवं संप्रेरक सापडेल या आशेनं. उंदरांची अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजली, थायमस ही रोगप्रतिकाराशी संबंधित ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. पण मग थंडीत ठेवलेल्या, जखम केलेल्या, दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांतही हेच तीन बदल दिसले. १९३६ साली त्यांनी 'नेचर'मध्ये छोटंसं टिपण लिहून सांगितलं की मारा कसलाही असो, शरीराचं उत्तर एकच असतं. ते उत्तर कसं चालतं हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. पहिल्या काही सेकंदांत अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारं मज्जातंतूंचं जाळं, जागी होते, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तळहात ओले होतात. मागोमाग मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि काही मिनिटांत रक्तात कॉर्टिसॉल चढू लागतं. ते साठवलेली साखर मोकळी करतं आणि संकट टळेपर्यंत रोगप्रतिकाराची, दुरुस्तीची बरीचशी कामं मागे ढकलतं. घरात पाणी शिरलं असताना रंगकाम कोण काढतं? धोका चार-दोन तासांचा असेल तर हा हिशेब चोख आहे. तो चार महिने चालला की दुरुस्ती तुंबते.

ती तुंबलेली दुरुस्ती ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवली. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर त्यांनी साडेतीन मिलिमीटरची गोल जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. माणूस तोच, तोंड तेच, जखमही तेवढीच. परीक्षेच्या दिवसांत ती भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. अभ्यास करणाऱ्या मुलाला "एवढं काय त्यात" म्हणण्याआधी हा आकडा मला आठवतो. परीक्षा त्याच्या शरीरातल्या पेशींपर्यंत पोचलेली असते.

पण मारा कसलाही असला तरी परिणाम एकच, हे सेली यांचं म्हणणं पुढे पुरं टिकलं नाही. १९७०च्या सुमारास जे वाइस नावाच्या संशोधकानं उंदरांना अगदी सारखे विजेचे झटके दिले. फरक इतकाच, की एकाला झटक्याआधी शिट्टी ऐकू यायची आणि दुसऱ्याला ती केव्हाही, झटक्याशी काही मेळ नसताना. ज्याला आगाऊ कळत होतं त्याच्या जठरात व्रण कितीतरी कमी पडले. म्हणजे केवढं आदळलं यापेक्षा कधी आदळणार हे ठाऊक असणं जास्त मोलाचं होतं. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. अभ्यासाला तर आणखी वेळ मिळत होता, मग राग कसला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. मला तरी त्या रागात शिट्टी काढून घेतलेल्या माणसाचा कोंडमारा दिसतो. अभ्यासिकेचं भाडं, खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी दिलेला शब्द हे सगळं एका तारखेवर बेतलेलं होतं.

दुसरं क्रियापद, घेणं, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी तपासलं. १९६०च्या दशकात त्यांनी लोकांना लाकूडकामाच्या कारखान्यातल्या अपघातांचं चित्रण दाखवलं. काहींना आधी सांगितलं की ही नाटकी मंडळी आहेत, कोणाला खरं काही झालेलं नाही. त्यांच्या शरीराच्या नोंदींत खळबळ कमी दिसली. चित्रण तेच, अर्थ वेगळा लावला. १९८४ साली सुझन फोकमन यांच्यासोबत त्यांनी हे नीट मांडलं: मन आधी विचारतं, यात माझं काय पणाला लागलंय? आणि लगेच विचारतं, याला पुरं पडायला माझ्या हातात काय आहे?

या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण साफ दुर्लक्ष करतो. 'सगळं विचारांवर अवलंबून असतं' असं सांगणाऱ्या भाषणांत तो कधीच नसतो. हातात काय आहे यात पैसा येतो, वेळ येतो, रात्री अकराला फोन उचलणारं माणूस येतं. सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे आणि मुलीची फी भरायची आहे, अशा बाईनं 'आपण याला पुरे पडणार नाही' असा निष्कर्ष काढला, तर तिच्या विचारांत खोट नसते. तिचा हिशेब बरोबर असतो.

ताणाला तोंड देण्याच्या तऱ्हाही म्हणूनच परिस्थितीनुसार बदलतात. जे हलवता येतं तिथे प्रश्नालाच हात घालावा: वेळापत्रक, बँकेशी बोलणं, साहेबांकडे बदलीचा अर्ज. जे हलत नाही, समजा आईचा कॅन्सर बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय, तिथे भावनेला सांभाळणं हेच काम असतं. रडणं, कोणाशी बोलणं, वारीला जाणं, कीर्तनाला बसणं ही पळवाट नव्हे. गडबड होते ती अदलाबदल झाल्यावर. फॉर्मची शेवटची तारीख उद्या असताना रात्रभर रील्स बघणं, किंवा गेलेल्या माणसाच्या दुःखात रोज नवे उपाय शोधत राहणं.

आणि आजार? तो येतही नाही, घेतलाही जात नाही. तो जडतो. ताण वाढत वाढत गेला की शेवटी डिप्रेशन होतं, अशी सरळ शिडी पहिल्या वर्षाला माझ्याही डोक्यात होती. तशी ती नाही. १९७७ साली झुबिन आणि स्प्रिंग यांनी स्किझोफ्रेनियाबद्दल मांडलेला विचार आज इतर मनोविकारांनाही लावतात. प्रत्येकाची झेपायची मर्यादा वेगळी असते. अनुवंश, बालपण, जुने आघात यांनी ती ठरते. कोणाला डोंगराएवढं दुःख होऊनही आजार होत नाही, कोणाला वरवर काही कारण नसताना होतो. एकच जनुक याला जबाबदार असल्याचा २००३ सालचा दावा खूप गाजला, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही. ताणाची आणि आजाराची सीमा आम्हाला शिकवली ती अशी: परीक्षा संपली की ताण उतरतो. नैराश्यात किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास असतं किंवा कशातच गोडी उरत नाही. सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता ढासळते, कामं अडतात, मरणाचे विचार येऊ शकतात. अशा माणसाला टेन्शन घेऊ नकोस म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पाय मोडून घेऊ नकोस म्हणणं.

यावर काय करता येतं याची मला सर्वांत आशा वाटणारी दोन उदाहरणं जवळचीच आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे पोचवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक कुठल्याही मदतीपर्यंत पोचत होते, दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्के झालं. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तर तीव्र नैराश्यावर साध्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत उपचार केले. त्यांचं सांगणं असं: मूड सुधारला की उठेन, असं थांबायचं नाही. आधी छोटं काम ठरवायचं, बाजारात जाऊन यायचं, शेजारणीशी बोलायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या वैद्यकीय सेवेच्या गटात हेच ३९ टक्के होते.

कायद्यानंही एक क्रियापद बदललं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य. तो गुन्हेगार नाही, त्याच्यावर काहीतरी आलेलं आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात एक मावशी आल्या होत्या, डोकं दुखतं म्हणून. सगळ्या तपासण्या नॉर्मल. "सगळे म्हणतात, तू फार टेन्शन घेतेस," त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या. माझ्या तोंडात ठरीव वाक्य आलंच होतं. शेजारी बसलेल्या मॅडमनी हातातला फॉर्म खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून, मावशी?"

त्यांनी वर बघितलं. "दिवाळीच्या आधीपासून," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या.