बॅकअपची प्रत किती दूर असावी: डिझास्टर रिकव्हरीची (आपत्तीनंतर काम पुन्हा उभे करण्याची) पार्श्वभूमी

सर्व्हरचा बॅकअप सेट करताना आज वेळ, प्रतींची संख्या, त्या ठेवण्याची जागा आणि किती दिवस ठेवायच्या हे ठरवावे लागते. यांतले जवळपास प्रत्येक कलम कुणाच्या तरी नुकसानीतून शिकून आलेले आहे.

आयबीएमने 1952 मध्ये 726 हे चुंबकीय टेपवर माहिती साठवणारे युनिट आणले आणि पुढे मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या खोल्यांमध्ये रात्री टेपवर प्रत काढण्याची पद्धत रुळली. रोजची, आठवड्याची आणि महिन्याची टेप ठरावीक क्रमाने पुन्हा वापरण्याच्या पद्धतीला आजोबा-वडील-मुलगा अशा अर्थाचे नाव पडले. एखाद्या दिवसाचे काम गेले तरी ते पुन्हा भरता येत असे, कारण मूळ कागद, म्हणजे व्हाउचर आणि चलने, फायलीत लावलेले असत. आज बहुतेक व्यवहारांमागे कागदच उरलेला नाही, आणि बॅकअपचे गांभीर्य वाढण्याचे हेच मुख्य कारण आहे, असे मला वाटते.

टेप हाताशी असली, तरी इमारत जळाल्यावर ती लावायची कोणत्या यंत्रावर? या प्रश्नातून 1978 मध्ये फिलाडेल्फियात सनगार्ड या कंपनीची सेवा उभी राहिली. अनेक कंपन्यांनी मिळून एका तयार संगणक केंद्राचे भाडे भरायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याने आपल्या टेपा घेऊन तिथे जायचे, अशी ती व्यवस्था होती. ‘हॉट साइट’ ही कल्पना अशा सेवांमुळे रुजली. मात्र ती मोठ्या कंपन्यांनाच परवडणारी होती. छोट्या संस्थांना दूरची प्रत खऱ्या अर्थाने शक्य झाली ती 1996 नंतर, कारण त्या वर्षी अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तयार केलेले आरसिंक हे सॉफ्टवेअर फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवत असल्याने, मंद लाइनवरूनही रोजची प्रत दुसऱ्या गावी नेता येऊ लागली.

याच सोयीमुळे एक गैरसमजही पसरला, तो म्हणजे आरशासारखी हुबेहूब प्रत असली की बॅकअप झाला. प्रत्यक्षात डिस्क बिघडली तर अशी प्रत उपयोगी पडते, पण चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या बाजूलाही तितक्याच तत्परतेने पुसली जाऊ शकते.

31 जानेवारी 2017 रोजी प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी रिकामी करण्यासाठी कमांड दिली, आणि ती मुख्य सर्व्हरवर चालल्याचे एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले. तोपर्यंत सुमारे 300 जीबींपैकी 4.5 जीबीच उरले होते. रोजचा बॅकअप क्लाउडवर ज्या ठिकाणी साठत असायला हवा होता, तिथे काहीच नव्हते. बॅकअप काढणारे साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 9.2 आवृत्तीचे होते आणि डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे ते काम एरर देऊन थांबत होते. आणि ही एरर कळवणारे ईमेल डीमार्कच्या (ईमेल खऱ्याच पाठवणाऱ्याचा आहे का हे पाहणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते. शेवटी उपयोगी पडला तो सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत. कंपनीने हे सारे स्वतःहून जाहीर केले, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने त्याबद्दल तिचे ऋणी असावे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे 3-2-1 हा नियम प्रसिद्ध झाला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. यातला शेवटचा आकडा किती मोलाचा आहे हे 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे दिसले. ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या आवारातील एक पाचमजली डेटा सेंटर आगीत पूर्ण नष्ट झाले, आणि काही ग्राहकांचे सर्व्हर व बॅकअप दोन्ही तिथेच होते. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, आल्यापासून अंतराचा अर्थही बदलला आहे. शेकडो किलोमीटर दूरची प्रत त्याच पासवर्डने उघडत असेल, तर हल्लेखोराच्या दृष्टीने ती शेजारच्याच खोलीत आहे. म्हणून ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच, अगदी ॲडमिनलाही, बदलता किंवा पुसता न येणारी एक प्रत आता ठेवली जाते.

मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराला (एनएसई) या इतिहासाचा दुसरा भाग, म्हणजे पर्यायी साइटवर काम हलवण्याची तालीम, 24 फेब्रुवारी 2021 रोजी भेडसावला. टेलिकॉम लिंकमध्ये बिघाड होऊन एनएसईचे व्यवहार सकाळी 11:40 च्या सुमारास थांबले आणि दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू झाले. पर्यायी साइट असूनही कामकाज तिकडे हलवले गेले नाही. त्यानंतर महिन्याभरातच सेबीने, आपत्ती जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत काम डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइटवर, म्हणजे पर्यायी केंद्रावर सुरू झाले पाहिजे, अशी मर्यादा घातली. पुढे शनिवार, 2 मार्च 2024 रोजी एनएसई आणि बीएसईने विशेष सत्र भरवले. सकाळी 10 पर्यंतचे सौदे नेहमीच्या साइटवर झाले आणि 11:30 पासूनचे डीआर साइटवर, तेही चाचणीचे नव्हे, तर खऱ्या पैशांचे.