पाणी जारचं, नळी मात्र तीच

लातूर-बीडकडच्या अनेक दवाखान्यांत दाताच्या खुर्चीला लावलेल्या बाटलीत जारचं किंवा आरओचं पाणी असतं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेल्या भागात बोअर-टँकरवर भरवसा कोण ठेवणार? शिवाय क्षारानं हँडपीस, म्हणजे दात कोरायचं हातातलं यंत्र, चोंदतो. त्यामुळं ‘आम्ही चांगलंच पाणी वापरतो’ म्हटलं की विषय मिटतो. खरं दुखणं बाटलीतून हँडपीसकडं पाणी नेणाऱ्या नळीत आहे, आणि ते जुनं आहे.

1957 मध्ये अमेरिकेत जॉन बॉर्डन यांचा एअरोटर हा वेगवान हँडपीस आला. हवेच्या झोतावर मिनिटाला लाखो फेरे घेणाऱ्या बरनं (कोरणाऱ्या टोकानं) दात तापू नये म्हणून पाण्याचा फवारा आला, त्यासाठी बारीक नळ्या आल्या. 1963 मध्येच ब्रिटनच्या ब्लेक यांनी या पाण्यात जंतू वाढत असल्याचं दाखवलं. पुढं बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

नळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. वाहत्या पाण्यातही भिंतीलगतचा थर जवळजवळ थांबलेलाच, रात्री आणि रविवारी तर सगळंच थांबलेलं. जंतू भिंतीला चिकटतात, भोवती चिकट आवरण तयार करतात. जुनी नळी उभी चिरून बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. हाच बायोफिल्म. त्यातले तुकडे सुटून फवाऱ्याबरोबर तोंडात जातात. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, म्हणजे त्यांना अडवणारंही काही नसतं. स्वच्छ पाणी भरणाऱ्यांची इथंच फसगत होते.

अमेरिकन डेंटल असोसिएशननं 1995 मध्ये मिलिलिटरला जास्तीत जास्त 200 जंतू-वसाहतींचं उद्दिष्ट ठेवलं. 2003 मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं पिण्याच्या पाण्याची 500 ची मर्यादा लावली. 2011 मध्ये इटलीत 82 वर्षांच्या बाई लिजिओनेला या जंतूच्या न्यूमोनियानं गेल्या. तोच जंतू त्यांच्या डेंटिस्टच्या खुर्चीच्या पाण्यात सापडला. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात दुधाच्या दातांवर उपचार घेतलेल्या मुलांच्या जबड्यांत अशाच पाण्यातून मायकोबॅक्टेरियम या जंतूचा संसर्ग शिरला.

दोन पेशंटच्या मध्ये वीस-तीस सेकंद पाणी सोडल्यानं आधीच्या तोंडातून मागं ओढलं गेलेलं बाहेर पडतं, थर मात्र जागेवरच राहतो. त्याला ठरावीक दिवसांनी तीव्र जंतुनाशकाचा मारा लागतो आणि रोजच्या पाण्यात सौम्य मात्रा. औषध कोणतं, किती वेळ ठेवायचं, हे खुर्चीच्या कंपनीचं पुस्तक बघूनच ठरवावं. हायपोक्लोराइट (ब्लीच) अंदाजानं ओतलं तर धातूचे भाग गंजतात. एवढं करूनही ते पाणी निर्जंतुक होत नाही. हाड कोरून अक्कलदाढ काढायची असेल, तर निर्जंतुक सलाइन वेगळ्या निर्जंतुक नळीतून किंवा सिरिंजनंच द्यावं लागतं.