कैद्यांचे छळापासून संरक्षण (धोरण-वादविवादातील मांडणी)

कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला मारहाण, लैंगिक अत्याचार, बेकायदा एकांतवास यांपासून वाचवण्यासाठी सरकारने नेमके काय करावे, हे ठरावाच्या रूपात मांडून पुराव्यानिशी पटवण्याची रीत. धोरण-वादविवादाचा साचा अमेरिकेतला: दोघांचा संघ आणि तिथल्या शालेय स्पर्धांत ८ मिनिटांची मुख्य भाषणे, ३ मिनिटांची उलटतपासणी, ५ मिनिटांची खंडने. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी विद्यार्थ्यांचा हात बसलेला असतो वक्तृत्वावर, त्यामुळे आवेश भरपूर आणि उपाय अर्धवट, असा प्रकार या विषयात हमखास होतो.

ठरावात कोणी, काय, कुठे हे तिन्ही हवे. उदाहरणार्थ, ‘कर्नाटक सरकारने राज्यातील प्रत्येक मध्यवर्ती कारागृहावर कारागृह खात्याबाहेरचे, पूर्वसूचना न देता तपासणी करणारे मंडळ नेमावे.’ बेळगावजवळच्या हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह यात येते, पोलीस ठाणे येत नाही. ही सीमा सुरुवातीलाच सांगावी. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निवाडा (१९९६) अटक आणि पोलीस कोठडीबद्दल आहे. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी ही त्यातली कलमे. परमवीर सिंग सैनी प्रकरणातला सीसीटीव्हीचा आदेश (२०२०) पोलीस ठाण्यांना आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांना लागू आहे. तो तुरुंगाच्या बराकीला लावला, की मुरलेला प्रतिस्पर्धी पहिल्याच प्रश्नात पकडतो. तुरुंगासाठी आधार घ्यायचा तो सर्वोच्च न्यायालयाच्या सुनील बात्रा (तिहार तुरुंगातला कैदी) प्रकरणातील दोन निवाड्यांचा. अमेरिकी पुस्तिकांमधली आठवी घटनादुरुस्ती (क्रूर शिक्षांना मनाई करणारी) इथे उचलून आणू नये. आपल्या राज्यघटनेत तसे कलम नाही, पण परिणाम तोच होतो, असे पहिल्या बात्रा निवाड्यात (१९७८) न्या. कृष्ण अय्यर यांनीच म्हटले आहे. आपला आधार अनुच्छेद २१, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क.

‘कायदाच नाही’ हा मुद्दा अनुकूल (ठराव मांडणाऱ्या) बाजूने घेऊ नये; तो दोन मिनिटांत पडतो. निवाडे आहेत, कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६), मानवी हक्क आयोग आहे. दाखवायचे ते एवढेच, की यांतली प्रत्येक सोय घटना घडून गेल्यावर किंवा तक्रार आल्यावर हलते. शिवाय आयोगाच्या शिफारशी बंधनकारक नसतात, आणि घटनेला वर्ष उलटले तर आयोग चौकशी करू शकत नाही. मारणाऱ्याच्याच हातून अर्ज पुढे जाणार असेल तर कैदी तो लिहितच नाही. दुसऱ्या बात्रा निवाड्याची (१९८०) सुरुवात एका कैद्याने दुसऱ्याच्या छळाबद्दल धाडलेल्या पत्राने झाली. न्यायालयाने त्यात जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली तक्रारपेट्या ठेवायला सांगितले. आज ती पेटी कोण, कधी उघडतो, या प्रश्नावर निम्मी बाजू उभी राहते.

त्याचे उत्तर माहिती अधिकारातून काढता येते. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मंजूर क्षमता, सध्याची संख्या आणि कच्च्या कैद्यांचा आकडा एका अर्जात; अभ्यागत मंडळाच्या (तुरुंगाची पाहणी करणाऱ्या समितीच्या) भेटी आणि पेटी उघडल्याच्या तारखा दुसऱ्यात. उत्तर कन्नडमध्ये येते, तेव्हा संघात कन्नड वाचणारा एक जण असावाच. राष्ट्रीय आकडे तोंडपाठ असावेत: २०२२ अखेर देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६, कैदी ५,७३,२२०, त्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे. मात्र गर्दी म्हणजे आपोआप छळ नाही, आणि देशाची सरासरी हिंडलग्याबद्दल काहीच सिद्ध करत नाही. तुरुंगातील मृत्यूंच्या आकड्यांत आजाराचे मृत्यूही असतात. सगळे छळाच्या खात्यात टाकले की परीक्षकाचा विश्वास उडतो.

प्रतिकूल (ठरावाला विरोध करणाऱ्या) बाजूचा खरा मारा अधिकारक्षेत्रावर येतो. तुरुंग हा राज्यसूचीतला (नोंद ४) विषय, म्हणून केंद्राकडे बोट दाखवणारा ठराव अडचणीत येतो. त्यावर अनुच्छेद २५३ हा तोडगा आहे: आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद असा कायदा करू शकते. पण भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन (करार बंधनकारक मानण्याची अंतिम मान्यता) केलेले नाही. २०१० चे छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत होऊनही पुढे बारगळले. ठराव राज्यापुरता ठेवला तर हे लचांड टळते. सुरक्षेच्या आक्षेपाला उत्तर मंडळाच्या रचनेतच द्यावे: झडती सर्वांची, कैद्याशी बोलणे मात्र पहारेकऱ्याच्या कानाबाहेर. एकांतवासाची मोजपट्टी नेल्सन मंडेला नियमांतून (कैद्यांच्या वागणुकीबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम) घ्यावी. दिवसाचे २२ तास वा अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांहून जास्त झाला तर तो निषिद्ध.

सीमाभागात हा विषय हां हां म्हणता भाषावादाकडे घसरतो आणि मग गुण जातात. भाषेचा मुद्दा एकाच ठिकाणी चपखल बसतो. अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे मांडण्यासाठी राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते, म्हणजे खानापूरच्या कैद्याला मराठीतही. उत्तर त्याच भाषेत मिळेल अशी हमी त्यात नाही. मंडळावर मराठी जाणणारा एक सदस्य असावा ही मागणी तेवढ्यासाठीच करावी, आणि लगेच खर्चाच्या मुद्द्याकडे वळावे.