मटार पेरायचा तर फुलापासून उलटं मोजा

पुण्याच्या बाजारात मटाराचे दोन हंगाम असतात. पावसाळ्यात पुरंदरचा मटार येतो, थंडीत मध्य प्रदेश आणि उत्तरेकडचा. गच्चीवरच्या कुंडीत मात्र थंडीचाच हंगाम साधतो. पुरंदरात, म्हणजे दिवे घाट चढून सासवडकडे गेलं की, हवा गार, पाऊस बेताचा आणि जमीन निचऱ्याची. शहरात झड लागली की कुंडीतलं बी उगवण्याआधीच कुजतं.

बी कधी पेरायचं, हे फुलं कधी येणार त्यावर ठरवावं. मटाराच्या पानांना ऊन थोडंफार चालतं, फुलांना नाही. तापमान तिशीच्या वर जाऊ लागलं की परागकण दुबळे पडतात, बीजांडापर्यंत पोचत नाहीत आणि फूल गळून जातं. लवकर येणाऱ्या 'अर्केल'सारख्या वाणाला पेरणीपासून फुलं यायला साधारण सहा आठवडे लागतात. ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकलं की फुलं ऐन थंडीत येतात. तेच बी जानेवारीच्या मध्यावर टाकलं तर कळ्या धरेपर्यंत फेब्रुवारी संपत येतो आणि वेल हिरवागार दिसूनही शेंगा धरत नाही. लोक मग खतं घालत बसतात!

फ्लॅटच्या बाल्कनीत मधमाश्या फिरकत नाहीत म्हणून काळजी करू नये. उद्या उमलेल अशी एखादी कळी हलक्या हाताने उकलून बघा. आतल्या होडीसारख्या पाकळीत पुंकेसर फुटून पिवळी पूड स्त्रीकेसराच्या टोकाला लागलेली दिसेल. मटाराचं परागीभवन बहुधा फूल उमलण्याआधीच उरकतं. ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेलने आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी मटार निवडला त्यात याचाही वाटा होता: बाहेरचा पराग मध्ये घुसून हिशेब बिघडवत नाही.

मेंडेलने 1866 साली छापलेल्या त्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांची गोष्ट आहे. तिचं रासायनिक कारण कळायला 1990 साल उजाडलं. सुरकुतलेल्या वाणात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) निकामी असतं. त्यामुळे साखरेचं स्टार्च कमी होतं, साखर शिल्लक राहते, ती पाणी ओढते आणि कोवळा दाणा टपोरा फुगतो. वाळताना ते पाणी गेलं की साल सैल पडून सुरकुत्या येतात. तेव्हा पाकिटातलं सुरकुतलेलं बी खराब समजून फेकू नका, गोड मटाराचं तेच बी. तोडल्यानंतरही दाण्यातल्या साखरेचं स्टार्च होत राहतं, उकाड्यात तर झपाट्याने. एका कुंडीत उसळीपुरते दाणे निघत नाहीत, हे खरंच. पण वेलावरून तोडून तिथेच सोललेल्या शेंगेची गोडी बाजारात मिळणं कठीण, आणि माझ्या मते एवढ्यासाठी ही खटपट करावी.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन वेलाला मिळवून देतात, पण मातीत युरिया असला तर वेल गाठी धरायला राजी नसतो. कोकोपीटच्या नव्या मिश्रणात हे जिवाणू सहसा नसतात. मटार किंवा मसूर घेतलेल्या शेतातली ओंजळभर माती मिसळली तर काम होतं. हरभऱ्याच्या रानातली चालत नाही, त्याचे जिवाणू वेगळे. फुलोऱ्यात एखादं रोप उपटून गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी रंग दिसला, की कारखाना सुरू आहे असं समजा. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा असतो. नायट्रोजन पकडणाऱ्या, पण ऑक्सिजनने बिघडणाऱ्या विकराला ते सांभाळतं.

पानांवर पांढरी पीठासारखी भुरी दिसली तर ती पाने काढून टाकावीत आणि वेलांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवावं. कोरड्या दिवसांत, गार रात्रींत ती हमखास येते.

मार्चनंतर शेंगांचा नाद सोडावा. पसरट ट्रेमध्ये भिजवलेले, औषध न लावलेले वाटाणे दाटीने पेरून घरात उजेडाला ठेवले की दोनेक आठवड्यांत कोवळे शेंडे खुडता येतात. फुलांचा प्रश्नच नसल्याने उकाडाही फारसा आड येत नाही.